आण्णांचा वेढा

आमच्या गल्लीतले आण्णा लोकांना खोलीत कोंडत आणि बाहेर स्टुलावर बसून निवांत चहा पीत. आतून कितीही आरडाओरडा झाला, तरी कप रिकामा झाल्याशिवाय माणूस उठत नसे. आणि कोंडून घ्यायला लोक रांग लावत, हे आणखी नवल!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. एस्केप रूम हा शब्द तेव्हा कोल्हापुरात कुणाच्या कानावरही आला नव्हता. आण्णा पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून गल्लीला पाणी सोडायचं, हे काम. तीस वर्षं दारादारातून हाक यायची, "आण्णाऽ, पाणी कवा सोडताय?" त्यांचं उत्तर ठरलेलं, "परेशर येऊ दे की!" मग ते रिटायर झाले आणि हाका एका दिवसात बंद पडल्या. बायको आधीच गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. महिनाभरात माणूस निम्मा झाला.

त्या वर्षी गणपतीत मंडळाचा देखावा त्यांनी मागून घेतला. तालमीमागच्या खोलीला गोणपाट मारून, काळा रंग फासून पन्हाळ्याचा वेढा उभा केला. चौघांना आत कोंडायचं, त्यांनी किल्ली शोधून सुटायचं. अडलं तर आण्णांना हाक मारायची, मग ते दाराच्या फटीतून खूण सांगणार.

आता कोल्हापूरकराला इतिहास तोंडपाठ. किल्ली पालखीतच असणार म्हणून जो तो पालखीवर तुटून पडे. ती असायची तोफेत, म्हणजे रंगवलेल्या जुन्या बिडाच्या पाइपात. किल्ली राहायची बाजूला आणि वेढा कुठल्या अंगानं ढिला पडला होता यावरून आत जुंपायची. मी स्वतः एका मास्तरांशी अर्धा तास वाद घालून घामाघूम झालो आणि शेवटी हाक मारली. बाहेरून आवाज आला, "परेशर येऊ दे की!" एका पैलवानानं तर दारच बिजागरीसकट उपटून आण्णांच्या हातात दिलं. आण्णा म्हणाले, "पावणं, वेढा फोडायचा हुता, दार न्हाय!"

पण रांग चौकापर्यंत जाऊ लागली. मंडळाच्या सेक्रेटरीनं वैतागून आतल्या भिंतीवर कागद चिकटवला, 'किल्ली तोफेत आहे'. झालं! लोक दोन मिनिटांत बाहेर पडू लागले. हाक मारतंय कोण? आण्णा स्टुलावर नुसते बसून असायचे. मला बघवेना. "कागद काढू का?" म्हणून विचारलं.

"ऱ्हाऊ दे. लोकांची सोय हाय," ते म्हणाले.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. पाण्यावरून आण्णांशी तीस वर्षं कडाकडा भांडलेली बाई ती. तिनं ऐकलं, पदर खोचला आणि शेजारच्या दोघींना घेऊन तरातरा निघाली. आम्ही चौघं आत गेलो, दार लागलं. मी कागदाकडे बोट दाखवलं, तर हातावर फाडकन चापट बसली. तोफेकडे पाठ फिरवून तिनं अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा आवाज लावला, "ओ आण्णाऽ! किती येळ ताटकळत ठेवताय? आमी माणसं हाय का न्हाय?"

मी फटीला डोळा लावला. आण्णा धडपडत उठले. टोपी सारखी केली, बाहीनं डोळे पुसले.

"आलो, वैनी, आलो!" म्हणाले.

पण आले नाहीत. तिथंच उभे राहिले, कान देऊन. आईनं आणखी दोन हाका मारल्या, तेव्हा कुठं दाराशी आले.