तडतडी गार होण्याच्या आत

एका जंगलात वारुळं कमी आणि हॉटेलं जास्त झाली होती. त्या जंगलातली ही गोष्ट आहे, मुलांनो. नीट मांडी घालून बसा. ज्यांच्या गालात मघापासून घास तसाच आहे, त्यांनी तो आधी गिळा. तुमची आई वाटी घेऊन तिथे उभी आहे, तिलाही जरा ऐकू दे.

तर त्या जंगलात ओढ्याकाठी एक नवी वस्ती झाली होती. तिथले प्राणी फार सुधारलेले होते. सुधारलेले म्हणजे काय, तर ते रविवारी संध्याकाळी घरी जेवत नसत. घरी खायला नव्हतं असं नाही. पण रविवारी घरी जेवणारा प्राणी मागासलेला समजला जाई. म्हणून सगळे नटूनथटून हॉटेलाबाहेर उभे राहत, आपलं नाव कधी पुकारतात म्हणून कान टवकारत, आणि भुकेने एकमेकांवर गुरगुरत. याला ते मजा म्हणत.

त्या वस्तीत झिपरे नावाचं एक अस्वल कुटुंब होतं. घरात विश्रामराव झिपरे, त्यांच्या मातोश्री, त्यांची बहीण वसुधा आणि त्यांची बायको केतकी. शिवाय एक पिल्लू. पिल्लाचं पाळण्यातलं नाव अरण्यांश. हे नाव शोधायला सगळं घर खपलं होतं. ठेवून झाल्यावर कळलं, की या नावाने हाक मारायला कोणाची जीभ वळत नाही. मग सगळे त्याला गुब्बू म्हणू लागले.

हा गुब्बू जेवत नसे.

आता अस्वलाच्या कुळात न जेवणारं पोर म्हणजे केवढी नाचक्की. झिपऱ्यांच्या घराण्यात आजवर कोणी ताटाला नको म्हटलं नव्हतं. विश्रामरावांचे आजोबा मधाचं पोळं माश्यांसकट खात, असं मातोश्री आल्यागेल्याला सांगत. तेव्हा दोष कुठून आला हे उघडच होतं. तो केतकीच्या माहेरून आला होता.

केतकीचं या बाबतीत काही म्हणणं होतं, पण ते कोणी विचारलं नाही. तिला खरं तर एकच गोष्ट हवी होती. फार मोठी नव्हती ती. तिला तडतडी गरम खायची होती.

तडतडी तुम्हाला माहीत नाही? अरेरे. ओढ्याकाठच्या हॉटेलात ती मिळायची. तापलेल्या दगडावर वाळवी पसरायची आणि वरून मधाची धार सोडायची. दगड टेबलावर आला की असा तडतडायचा, की शेजारच्या टेबलावरचे माना वळवून बघत. तडतड चालू आहे तोवर ती खायची. तडतड थांबली की वाळवी चामट होते, मध दगडाला चिकटून बसतो, आणि मग ते खाणं उरत नाही, ते खरवडणं होतं.

लग्नाआधी केतकी मैत्रिणींबरोबर तडतडी खायची. जीभ भाजायची, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ती थांबायची नाही. गुब्बू झाल्यापासून ती दर रविवारी तडतडी मागवत होती, आणि एकदाही तिने ती तडतडताना खाल्ली नव्हती. ती गुब्बूला भरवत असायची आणि मागे आवाज चालू असायचा. आधी जोरात, मग हळू, मग नाहीच. आवाज थांबला की तिला असा राग यायचा, की दगड उचलून ओढ्यात भिरकावावा. पण त्यालाही एक हात मोकळा लागतो.

दर रविवारी घरातून निघताना मातोश्री प्रेमाने म्हणत, आज स्वयंपाकाला सुट्टी बरं का केतकी, तू आपली निवांत जेव, आम्ही आहोत ना. सुट्टी असल्यामुळे केतकी दुपारपासून उंबराची पेज शिजवत असे. मग ती गाळत असे, निववत असे, भोपळ्याच्या भांड्यात भरत असे. कारण हॉटेलातलं गुब्बूला सोसणार नाही, असं वसुधाने सांगितलं होतं. वसुधाने बालआहाराचा कोर्स केला होता. ती पिल्लांच्या आहारावर तासभर बोलू शकायची. पिल्लू हातात घेतलं की मात्र तिची कंबर भरून यायची.

तर असाच एक रविवार होता. झिपरे मंडळींना ओढ्याच्या बाजूचं टेबल मिळालं. विश्रामरावांनी मासे मागवले. मातोश्रींनी मला काही नको, तुमच्यातलंच दोन घास घेईन म्हटलं आणि मोहाच्या फुलांच्या पुऱ्या मागवल्या. वसुधाने गोड बंद केलं होतं, म्हणून तिने फक्त मध मागवला. केतकीने तडतडी सांगितली. वेटर वानर होता. तो तिच्याकडे बघून म्हणाला, दगड नेहमीसारखा सगळ्यांच्या मागाहून उचलू ना, ताई? केतकीने पेजेचं भांडं उघडलं.

तडतडी सोडून सगळ्यांचं आलं. सगळे जेवू लागले. केतकी गुब्बूला कडेवर घेऊन उभी राहिली आणि पेजेचा चमचा त्याच्या तोंडाशी धरला. गुब्बूने तोंड असं मिटलं, की ओठ कुठे आहेत हे शोधावं लागावं.

मग उपदेश सुरू झाला. तुम्ही पाहिलंय ना, मुलांनो, भरल्या तोंडाने उपदेश किती छान सुचतो ते.

वसुधा म्हणाली, पिल्लाला कधीही जबरदस्ती करू नये. विश्रामराव म्हणाले, जरा जबरदस्ती केल्याशिवाय पोरं ऐकत नाहीत. मातोश्री म्हणाल्या, चमचा उजवीकडून न्यावा. विश्राम लहान असताना त्या उजवीकडूनच न्यायच्या, आणि बघा आज विश्राम कसा आहे. सगळ्यांनी विश्रामरावांकडे पाहिलं. त्यांच्या मिशीला माशाचा काटा लागला होता.

चमचा मात्र कोणी हातात घेतला नाही. वसुधाच्या हाताला मध लागला होता, विश्रामरावांच्या हातात मासा होता, आणि मातोश्री पुरी मोडत होत्या.

केतकी गुब्बूला घेऊन टेबलांमधून फिरू लागली. हे तिचं नेहमीचं होतं. त्यामुळे त्या हॉटेलात कोण काय जेवतं, हे तिला तोंडपाठ झालं होतं. साळिंदर जोडप्याला कंद खमंग लागत. हरणांच्या टेबलावर पाला तीनदा धुऊन यायचा. कोपऱ्यात एक म्हातारा वाघ एकटा बसायचा. एके काळी तो जंगलाचा राजा होता. आता त्याचे दात पडले होते आणि वैद्याने पथ्य सांगितलं होतं, म्हणून तो दुधीचा मऊ भात मागवायचा आणि हळूहळू खायचा. गुब्बूला तो फार आवडायचा. तो वाघाच्या मिशा ओढायचा आणि वाघ ओढू द्यायचा. हे झिपऱ्यांच्या टेबलावर कोणाला ठाऊक नव्हतं, कारण त्यांची पाठ तिकडे असायची.

केतकी परत आली तेव्हा भांड्यातली पेज होती तेवढीच होती. मातोश्रींनी पुरी गिळली आणि आवाज चढवला.

"जेव रे शहाण्या. नाही तर वाघोबा येईल हं."

गुब्बूने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आलाय," तो म्हणाला, आणि वाघाला टाटा केला.

वाघानेही पंजा हलवला.

मुलांनो, मोठ्यांची धमकी अशी वाया गेली की त्यांना फार लागतं. मातोश्री उठल्या. पदर सावरत तडक कोपऱ्यात गेल्या. त्यांनी वाघाला सांगितलं, की आमचा नातू जेवत नाहीये, तरी एक डरकाळी फोडावी, म्हणजे तो चार घास खाईल. वाघ संकोचला. तो म्हणाला, की घसा पूर्वीसारखा राहिला नाही, इतके लोक जेवतायत, आणि शिवाय मीही जेवतोच आहे.

"तुमचं काय एवढं," मातोश्री म्हणाल्या, "मऊ भात तो. गार झाला म्हणून काय बिघडतं?"

वाघाने चमचा खाली ठेवला. त्याने केतकीकडे पाहिलं. दात गेले असले तरी त्याचे डोळे शाबूत होते, आणि कितीतरी रविवार तो हेच बघत आला होता. तेवढ्यात वानर आतून तडतडी घेऊन आला. दगड टेबलावर ठेवला. तडतड तडतड आवाज झाला, धूर निघाला, मधाचा वास सुटला.

आणि वाघ ओरडला.

काय ओरडला म्हणून सांगू. छपराच्या काटक्या हलल्या. हरणं खिडकीतून गेली, आपला तीनदा धुतलेला पाला तसाच टाकून. साळिंदरांनी काटे उभे केले आणि एकमेकांना टोचून घेतलं. वानर तुळईवर जाऊन बसला. विश्रामराव माशासकट टेबलाखाली गेले. वसुधा त्यांच्या मागे. आणि मातोश्री, ज्यांनी स्वतः जाऊन डरकाळीची ऑर्डर दिली होती, त्या वाघाच्या टेबलापासून अशा धावत आल्या, की दोघांना ढकलून सगळ्यात आत घुसल्या.

गुब्बू हसत होता. त्याला अजून एक डरकाळी हवी होती.

केतकी दचकली, पण पळाली नाही. ज्याला दुधी चाववत नाही तो अस्वल काय चावणार, एवढं तिला दिसत होतं. तिने आजूबाजूला पाहिलं. हॉटेल रिकामं. कोणी सांगायला नाही, कोणी बघायला नाही. आणि समोर दगड तडतडत होता.

तिने गुब्बूला खुर्चीत ठेवलं. पेजेचं भांडं बाजूला सारलं. ती बसली.

मुलांनो, बसून जेवणं हे काय असतं, ते तुम्हाला रोज मिळतं म्हणून कळायचं नाही. केतकीने पहिला घास तोंडात टाकला. जीभ भाजली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं काही भाजल्यामुळे नव्हतं. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. टेबलाखालून मातोश्रींचा आवाज येत होता, गेला का, गेला का म्हणून. केतकीने उत्तर दिलं नाही. तिच्या तोंडात घास होता, आणि भरल्या तोंडाने बोलायची तिला सवय नव्हती.

इकडे गुब्बूच्या तोंडाशी चमचा नव्हता. उजवीकडून नाही, डावीकडूनही नाही. त्याला हे नवीन होतं. त्याने बापाच्या ताटातला मासा उचलला आणि चघळला. मग आजीची पुरी खाल्ली. मग आत्याच्या मधाच्या वाटीत कोपरापर्यंत हात घातला.

बऱ्याच वेळाने मंडळी वर आली. दगड रिकामा होता. गुब्बूचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट होतं.

मग सगळे एकदम बोलू लागले. मातोश्री म्हणाल्या, बघा, मी म्हटलं नव्हतं, धाक लागतो. वसुधा म्हणाली, पिल्लाला स्वतःच्या हाताने खाऊ द्यावं, हे कोर्समध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. विश्रामराव म्हणाले, मी तर मुद्दामच ताट वर ठेवून खाली गेलो होतो.

मग त्यांचं लक्ष केतकीकडे गेलं. तिच्या नाकाला मध लागला होता.

"तू जेवलीस?" मातोश्रींनी विचारलं.

"हो," केतकी म्हणाली.

"वाघ ओरडत असताना?"

"गरम होती," केतकी म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट वस्तीभर झाली. पाणवठ्यावर आणि वारुळांपाशी दुसरा विषय नव्हता. हरणी म्हणाली, आम्ही नाही बाई असल्या, आमच्या घशाखाली घास उतरला नसता. ती स्वतःचं पाडस हॉटेलातच विसरून गेली होती, आणि वानराने ते नंतर घरी पोचवलं होतं. पण तो विषय निघाला नाही. गुब्बू जेवायला लागला याचं कौतुक तिन्ही झिपऱ्यांना वाटून देण्यात आलं. वसुधाला तर चार ठिकाणी व्याख्यानाला बोलावलं. केतकीच्या वाट्याला एवढंच आलं, की संकटाच्या वेळी पोर सोडून गिळत बसली ती हीच.

केतकीला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप वाईट वाटलं. दोन दिवस ती पाणवठ्यावर गेली नाही. पण जिभेवर भाजलेली जागा होती. ती तिथे जीभ फिरवून बघायची आणि तिला बरं वाटायचं.

पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा हॉटेलात गेली. डरकाळीचा गुण आल्यामुळे मातोश्रींनी वाघाला आधीच निरोप धाडला होता. या वेळी पोराला नीट पोटाशी धरून खाली बसायचं, अशी केतकीला सक्त ताकीद होती. केतकी हो म्हणाली होती.

ऑर्डर देऊन झाली. केतकी गुब्बूला घेऊन नेहमीसारखी टेबलांमधून फिरली आणि कोपऱ्यात जरा थांबली. गुब्बूने मिशा ओढल्या.

"दगड आल्यावर हं," ती हळूच म्हणाली. "आधी नको."

"मला सांगायला नको, पोरी," वाघ म्हणाला. "तडतड कानावर आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. तू बसून जेव."

तात्पर्य : मुलांना जेवताना वाघाची भीती अवश्य घालावी. मुले घाबरत नाहीत, पण घरातली मोठी मंडळी टेबलाखाली जातात आणि आईला जेवायला मिळते.