बदकांचे टाइमकीपर

संध्याकाळी साडेसहा वाजले की आमच्या शेजारच्या परसात बदकांची हजेरी होते. काशिनाथभाऊजी कानामागे लाल पेन्सिल खोचून खुराड्याच्या दाराशी उभे राहतात आणि हातातलं जाडजूड मस्टर उघडून खणखणीत आवाजात पुकारतात, "टोकन नंबर एक!" एक नंबरचं बदक निमूट आत जातं. "टोकन नंबर दोन!" दोन नंबर जात नाही, कारण ते माझ्या भेंडीच्या वाफ्यात असतं. मग भाऊजी मस्टरात लाल शेरा मारतात आणि कुंपणावरून मलाच ऐकवतात, "वैनी, तुमच्या भेंडीनं माझा कामगार बिघडवला."

लोधिवलीच्या पुढे आमची वाडी. तिथून सायकलवर पंधरा मिनिटांवरच्या एका कारखान्यात भाऊजी निवृत्त होईपर्यंत टाइमकीपर होते. गेटवर बसायचं आणि कोण किती वाजता आला ते लिहायचं, एवढंच काम. पण ते त्यांच्या हाडीमाशी खिळलं. "मस्टरात नाय तर जगात नाय" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या मुलीच्या लग्नात मुहूर्त सहा मिनिटांनी टळला, तर या गृहस्थाने अक्षता भटजींच्या हातात परत ठेवल्या. स्वतः लग्न का केलं नाही असं विचारलं तर म्हणतात, "येळंत कुनी आली नाय."

बदकं आली ती कळंबच्या एका रिसॉर्टवरून. तिथल्या मालकाने बदकांचं तळं बुजवून पोहण्याचा तलाव करायला घेतला आणि सहा बदकं फुकट द्यायला काढली. भाऊजी ती टेंपोत घालून घेऊन आले. बदकाला पाणी लागतं, एवढंच बदकाविषयीचं त्यांचं ज्ञान. त्यांनी जुनी प्लास्टिकची टाकी आडवी कापली, जमिनीत पुरली, काठोकाठ भरली. बदकांनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि सगळी माझ्या धुण्याच्या दगडाखालच्या चिखलात जाऊन बसली. आजतागायत तोच त्यांचा अड्डा आहे.

शिवाय ही पडली रिसॉर्टची बदकं. कोणी मोबाइल वर धरला की सहाही बदकं ओळीने उभी राहून माना उंच करायची. भाऊजींनी कोंडा भिजवून ठेवला तर त्याच्याकडे ढुंकून बघेनात. त्यांना वेफर लागत. दोन दिवस भाऊजी त्यांच्यासमोर उकिडवे बसून समजूत घालत होते, "आगं, हितं पाहुनं येत नाय. हितं ड्युटी करायला लागतं." तिसऱ्या दिवशी दोन नंबरला माझ्या वाफ्यात गोगलगाय सापडली आणि संसार मार्गी लागला. आठवड्यात गोगलगायी संपल्या. भेंडीची पहिली रोपंही संपली, पण ती खाल्ली नाहीत हो, नुसती तुडवली.

मग अंडी सुरू झाली. एक भाऊजींच्या चपलेत, एक माझ्या तुळशीच्या कट्ट्याखाली, एक सरळ रस्त्यावर. घालायचं आणि मागे वळूनही न बघता चालू लागायचं, अशी तऱ्हा. भाऊजींच्या मनाने मात्र पिल्लांचा ध्यास घेतला होता. त्यांनी चार नंबरला अंड्यांवर आठ तासांची ड्युटी लावली आणि दार बंद केलं. तिने आठ तास एवढा कल्ला केला की मीच जाऊन तिला सोडवली.

आता एकच उपाय होता. अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ती ठेवायची. अख्ख्या वाडीत त्या वेळी खुडूक कोंबडी एकच होती, आणि ती नेमकी रामदादांकडे.

रामदादा हे भाऊजींचे सख्खे थोरले भाऊ. आमच्या या अंगाला भाऊजी, त्यांच्या पलीकडे दादा, मध्ये बांबूचं कुंपण, आणि अकरा वर्षं अबोला. दादाही त्याच कारखान्यात होते. पंचवीस वर्षांत एकदाही उशीर केला नाही म्हणून निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि मनगटी घड्याळ मिळणार होतं. शेवटच्या महिन्यात ते एकदा चार मिनिटं उशिरा पोचले. गेटवर धाकटा भाऊ बसलेला. त्याने लाल शेरा मारला. शाल गेली, घड्याळ गेलं, आणि त्याच रात्री भाऊजींची चूल वेगळी झाली. तोवर दोघांचं जेवण एकत्र होतं. तेव्हापासून भाऊजी कुकरला एकच शिट्टी देऊन भात खातात, हे मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं.

मध्यस्थी अर्थात माझ्याकडे आली. मी दादांच्या बायकोला, शेवंताबाईंना विचारलं. आतून दादांचाच आवाज आला, "कोंबडी देनार नाय. अंडी हिकडं आना."

दादांच्या पडवीत पाटीत पेंढा घालून नऊ अंडी ठेवली आणि वर कोंबडी बसवली. भाऊजी दिवसातून दहा वेळा मला दादांच्या अंगणात पाठवून स्वतः बांबूच्या कुंपणाशी यायचे. "वैनी, इचारा ना, उठली का ती? खाल्लं का तिनं?" मी वळून दादांना विचारायची, दादा मला सांगायचे, आणि तीन हातांवर उभ्या असलेल्या भाऊजींना मी तेच परत सांगायची. माझा घसा बसला.

बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात हे आता आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा कोणालाच नव्हतं. आमचं सगळ्यांचं गणित कोंबडीचं, एकवीस दिवसांचं. एकविसाव्या दिवशी भाऊजी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कुंपणाशी उभे राहिले. काही झालं नाही. बाविसाव्या दिवशी नाही, तेविसाव्या, चोविसाव्या दिवशीही नाही. पंचविसाव्या दिवशी त्यांनी मस्टर मिटलं आणि मला म्हणाले, "सांगा त्यास्नी, अंडी टाकून द्या. येळ गेली. नियम तो नियम." आवाज खणखणीत काढायला गेले, पण तो मध्येच फाटला.

दादांनी हे ऐकलं. ते भावाशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाही. पाटीजवळ बसून कोंबडीला म्हणाले, "बस गं बाय तू. चार दिस उशीर झाला म्हनून कुनी आपलं मानूस टाकीत नाय."

भाऊजी तिथून निघाले ते थेट माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ पेन्सिल बोटांत फिरवत होते.

"वैनी, त्या दिशी मी डबा घरी इसरून गेल्तो," ते म्हणाले. "दादाच्या निम्म्या वाटंत ध्यानात आलं. सायकल वळवून माघारी गेला. माझा डबा आनला, माझ्या टेबलावर ठेवला. मी घड्याळ बगितलं नि शेरा मारला."

"अहो, मग साहेबांना सांगायचं की कारण!"

"मस्टरात कारनाला रकाना नस्तो." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "दुपारी तो डबा मी खाल्ला, वैनी. सगळा खाल्ला."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांची तेवढीच दयाही आली. मी चहा टाकायला आत गेले.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी मी दगडावर कपडे आपटत होते. पलीकडून हाक आली, "काश्या!"

हातातला कपडा तसाच राहिला माझा. अकरा वर्षांत हे नाव त्या आवाजात ऐकलं नव्हतं.

"काश्या, ये रं! आल्यात तुझी!"

भाऊजींना कुंपणाचं फाटक आठवलंच नाही. पासष्टीचा माणूस बांबूवरून उडी मारायला गेला, लुंगी अडकली, अर्धी कुंपणावरच राहिली, आणि आतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर ते दादांच्या अंगणात पोचले. मागोमाग मीही धावले, फाटकातून. पाटीत सात ओली पिवळी पिल्लं चिवचिवत होती. त्यांच्या चपट्या चोची बघून कोंबडीचा चेहरा पडला होता.

पायरीशी मात्र भाऊजी अडले. वर चढेनात.

"दादा, त्या डब्याचं..."

दादांनी एक पिल्लू उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवलं. "भाजी कसली हुती रं त्यात?"

"वालाची. शेवंतावैनीनं खोबरं घातलेलं."

दादांनी जरा विचार केला. "मंग माघारी गेलो ते बरंच केलं."

भाऊजी ओंजळीतल्या पिल्लावर मान खाली घालून उभे होते. खांदे हलत होते. आतून शेवंताबाईंनी विचारलं, "भाकऱ्या दोघांच्या टाकू का?"

भाऊजींनी सवयीने माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच म्हटलं, "टाका."