कोऱ्या सीडीचं कुंकू

केशरबाईंच्या हातून आजवर एकही काम बिघडलं नव्हतं; बिघडलं ते नेहमी दुसऱ्यांच्या हातून! म्हणूनच एका सीडीच्या तीन करून घ्यायला त्या सुनेला, जमुनेला, घेऊन जातीनं परतवाड्याला आल्या.

त्यांचे यजमान किसनराव काविळीनं गेले, त्याला वर्ष होत आलं होतं. त्या साली संत्र्याच्या बागा वाळून सरपण झाल्या. वर्षश्राद्धाला येणाऱ्या तीन लेकींना द्यायला घरात लुगडंसुद्धा नव्हतं. होती फक्त लेकाच्या लग्नाची सीडी. ती लावायला यंत्र नव्हतं, पण व्हिडिओवाल्यानं किसनरावांना 'चार शब्द बोला' म्हणून उभं केलेलं केशरबाईंना पक्कं आठवत होतं. माणसाचा आवाज जगात उरला होता तो तेवढाच.

सीड्या करून देणाऱ्या पोरीच्या, अफसानाच्या, दुकानातल्या कॉम्प्युटरवर ना चित्र, ना बटण. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं.

"हे सुतकात हाय काय वो?"

"लिनक्स हाय, काकू. हुकूम लिहून द्या लागते. तुमची सीडी उतरवून घेतली. आता कोरी ठेवा, चकाकती बाजू खाली."

सीडी मशीनच्या खणात ठेवायचा मान केशरबाईंनी आपल्याकडेच घेतला होता.

चार टक्क्यांवर मशीन अडलं. अफसानानं सीडी न बघताच टोपलीत फेकली. "स्पीड कमी करतो." दुसरीही अडली. "गठ्ठाच खराब दिसते." नव्या गठ्ठ्यातली तिसरी घातली, तर आतून जात्यासारखी खडखड!

"तुह्या मशीनले दात आले काय?"

"ड्राइव्ह गेला वाटते, काकू. अमरावतीवरून आना लागन."

"श्राद्ध परवा हाय!" केशरबाईंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला.

अफसानानं पेचकस घेऊन ड्राइव्ह खोलला. आत हळद, कुंकू आणि पाच अक्षता!

"हे कोनं केलं?"

"कोनं म्हंजे? कोरी वस्तू कुंकवाबिगर वापरतेत काय? मी नाई लावलं, माह्या कपायाचं त पुसलं. तू टाइप करत होती, तवा जमुनेनं लावलं."

"पन चकाकत्या बाजूले?"

"मंग कुंकू तोंडाले लावा का पाठीले?"

अफसानानं कपाळावर हात मारला. ड्राइव्ह झाडला, पुसला, जोडला. चौथ्या सीडीच्या वेळी केशरबाईंनी जमुनेचे दोन्ही हात धरून ठेवले. शंभर टक्के!

खात्री करायला अफसानानं सीडी लावली. बँड, वऱ्हाडी, आणि मग किसनराव. केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. किसनरावांनी घसा खाकरला.

"मी काय म्हन्तो, पोरायहो..."

"तुमाले काय समजते? चूप बसा, मी सांगतो!"

पुढची अकरा मिनिटं पडद्यावर केशरबाईच. किसनराव बाजूला उभे, मान डोलावत.



"पोरी," केशरबाई हळूच म्हणाल्या, "तुह्या हुकुमानं माहा आवाज पुसता येते काय?"

"येते काकू. पन काकाचाबी जाते. दोघायचा एकातच हाय."

केशरबाईंनी डोळे पुसले, मान ताठ केली.

"राहू दे मंग. माह्या आवाजाबिगर लेकीयले बाप ओळखूच याचा नाई!"