तोंडी निरोप

आमच्या संस्थेत इतिहासाच्या प्राध्यापकाची एक जागा रिक्त झाली आणि ती गुणवत्तेनुसार भरण्याचे ठरले. गुणवत्ता कशाला म्हणायचे, हे अध्यक्ष किशनराव फोन आल्यावर ठरवतात. मी हेडक्लार्क. फोन मीच उचलतो.

बोरीच्या ऋतुजानं अर्ज केला. तिची पीएचडी रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातल्या पत्रांवर. जुने देव मानणारे आणि ख्रिस्ती एकमेकांच्या देवांना नावं ठेवायचे. पण कुणाला नोकरीला चिकटवायचं असलं की पत्रात "प्राणप्रिय बंधो"! पत्रात नुसतं गोड गोड, खरं काम पत्र नेणारा तोंडी सांगायचा.

"हे शोधायला एवढी वर्षं घातलीस व्हय? जिंतूरच्या स्टँडवर कुणीबी सांगितलं असतं," मी म्हणालो.

"हसा, काका. तासिका तत्त्वावर शिकवून घसा बसला माझा. ही जागा गेली तर बाबांच्या दुकानात पेंड तोलायला बसायचं हाय मला."

तीही शेवटी दिनकररावांचं पत्र घेऊन आली. दिनकरराव विरोधी पक्षाचे. सभेत म्हणतात, किशनरावाची सावली नको, पत्रात लिहितात, "स्नेहमूर्ती, सदर उमेदवार घरचाच समजावा." या जागेसाठी त्यांच्या घरची माणसं एवढी झाली की रेशनकार्ड पुरलं नसतं. खरा कोण, ते फोनवर कळायचं. पण हल्ली फोन रेकॉर्ड होतात, म्हणून दिनकररावांनी फोन बंद केलेला. त्यामुळे मुलाखतीत किशनरावांचा प्रत्येकाला एकच प्रश्न, "निरोप काय?"

"पत्रात हाय की साहेब," पत्रवाला जो तो गोंधळून म्हणायचा.

ऋतुजा मात्र ताठ बसली. "निरोप असाय, की हिलाच घ्या. बाकीच्यांचं मनावर घेऊ नका."

"हां! असं बोलावं माणसानं!" किशनरावांचा जीव भांड्यात पडला. नेमणूक झाली.

दिनकररावांनी खरं तर जावयासाठी जागा धरली होती. पण तक्रार करायची तर फोन चालू करावा लागणार. त्यांनी जाहीर सत्कार केला तिचा.

उमेदवारांत राहिला बजरंग. गुणांत पहिला, आणि पत्राविना आलेला एकटाच. "कुणीच न्हाई का रे तुला?" किशनराव कळवळून म्हणाले. लय वाईट वाटलं बघा.

तुम्हालाही वाटलं ना? संतापच आला असेल. यायलाच पाहिजे. धाकट्या लेकीच्या बदलीचं पत्र घेऊन तुम्ही आला होतात, तेव्हाही तुम्ही या व्यवस्थेवर असेच चिडला होतात. चहा मीच मागवला होता.