एक कप म्हणजे दोनशे चाळीस ग्रॅम

"मोजमापात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय," असं मिलीलिटरसाहेबांनी मुलीला फोनवर ठणकावलं आणि बायकोची पाककृतींची वही उघडली.

हे नाव त्यांना कचेरीत पडलं होतं. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं ते पाणी तपासत होते. थेंबाचाही हिशेब ठेवणारा माणूस.

तीन महिन्यांपूर्वी बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढच्या खोलीत लोखंडी कॉट आली, मलमाचा वास आला, पडदे दिवसभर ओढलेले राहू लागले. ती दोन चमचे सूप घ्यायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. आठवडाभरात खाणं वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. तेव्हा मुलीनेच सुचवलं, की आईचा आवडता चॉकलेट केक करून पाहा, दुधात कुस्करून भरवा.

वहीत सगळं कपांत लिहिलेलं. दोन कप मैदा, अर्धा कप कोको. साहेबांना कीव आली. कप हे काय माप झालं? त्यांनी खास नवा वजनकाटा आणला होता. बायको मापाला वापरायची तो कप नळाखाली भरला, मापनळीत ओतला. दोनशे चाळीस मिलीलिटर. म्हणजे दोनशे चाळीस ग्रॅम, विषय संपला. मैदा चारशे ऐंशी, कोको एकशे वीस. एक ग्रॅम इकडेतिकडे होऊ दिला नाही.

पण मिश्रण ढवळेना. चमचा त्यात विजेच्या खांबासारखा ताठ उभा राहिला. विजेच्या रवीने दोन गिरक्या घेतल्या, घरघर लागल्यासारखा आवाज केला आणि धूर सोडून प्राण सोडला.

कॉटवरून बायको हे सगळं उघड्या दारातून पाहत होती. तिने डावा पंजा उचलून हळूहळू खाली आणला. कमी, कमी. ओव्हनची आच कमी करायला सांगतेय, असं समजून साहेबांनी ती निम्मी केली. तिने कपाळावर हात मारून घेतला. डोकं दुखतंय वाटतं, म्हणून साहेब जाऊन तिला बाम चोळून आले.

तासाभरानेही केक कच्चाच दिसला, तेव्हा साहेबांनी आच पुरती वाढवून टाकली. आणखी तासाने जळका वास आला तशी शेजारच्या वहिनी धावत आल्या. केक बाहेरून कोळसा आणि आतून लिंपणाची माती झाला होता. सुरी आत गेली ती बाहेर येईना. वहिनींनी वही पाहिली, साहेबांनी मांडलेलं गणित पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "भावजी, एक कप कापूस घेतला तर तोही दोनशे चाळीस ग्रॅम भरेल का?"

साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात फक्त स्वतःचीच फजिती दिसली. छत्तीस वर्षं पाण्याशिवाय दुसरं काही मोजलंच नव्हतं. मैदा जवळजवळ दुप्पट, कोको तर अडीचपट गेला होता.

वहिनी सुरी काढायच्या खटपटीत होत्या. साहेबांनी मधला थोडा मऊ भाग वाटीत काढला, दुधात कुस्करला आणि कॉटच्या कडेला बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तू सांगत होतीस, मला कळलं नाही. एवढा एक चमचा घे. नळी नको गं."

तिने चमचा तोंडात घेतला. कडूजहर. तिचा चेहरा आधी आक्रसला, मग अर्धा चेहरा हलू लागला. साहेब घाबरले, दुसरा झटका आला म्हणून वहिनींना हाक मारणार, तोच लक्षात आलं, की ती हसतेय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ओठ जुळवले, दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा एक शब्द स्पष्ट उमटला.

"बावळट."

मग तिने डाव्या हाताने वाटी जवळ ओढली आणि आणखी तीन चमचे मागितले.

साहेबांनी तातडीने मुलीला फोन लावला. आई बोलली, हे ऐकून मुलगी रडूच लागली. सावरल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाली, बाबा?"

साहेबांनी एकदा कॉटकडे पाहिलं.

"काही विशेष नाही," ते म्हणाले. "माझी चौकशी केली."