चूक नसलेली पसंती

शाळेच्या मागच्या मैदानाचं काय करायचं, हे ठरवण्याचा अधिकार मुलांना द्यावा, असा ठराव शाळेच्या समितीने एकमताने मंजूर केला. मैदान तसंच ठेवायचं की तिथे वाचनकक्ष बांधायचा, एवढाच प्रश्न होता. वाचनकक्षाचा नकाशा तयार होता, कोनशिलाही कोरून झाली होती. पण हल्ली मुलांचं मत विचारण्याची पद्धत आहे, आणि समिती पद्धत सोडून काही करत नसे. उपक्रमाला ‘मुलांचा आवाज’ असं नाव देण्यात आलं. आवाज लेखी द्यायचा होता. इंग्रजीत. सूचनेच्या शेवटच्या ओळीत म्हटलं होतं, ‘सदोष इंग्रजीत व्यक्त केलेली पसंती अस्तित्वात नाही असे समजण्यात येईल.’

ही सूचना भिंगरीने घरी आणली तेव्हा आजोबांना मनापासून आनंद झाला. त्यांची सगळी नोकरी मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घड्याळ काढून ठेवलं, पण लाल पेन खिशात तसंच राहिलं. दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, औषधांच्या बाटल्या, काही म्हणून त्यांच्या हातून सुटत नसे. नातीचं खरं नाव त्यांनीच ठेवलेलं होतं. पण ती जमिनीला पाय लावून उभी आहे असं कुणी कधी पाहिलेलं नसल्यामुळे सगळी आळी तिला भिंगरीच म्हणे.

“मैदान गेलं तर मी कुठे पळू?” तिने विचारलं.

“जात नाही मैदान. तुम्हालाच तर विचारलंय. फक्त नीट लिहायचं.”

भिंगरीने कागद घेतला आणि ‘आय वॉन्ट ग्राउंड’ असं लिहून ती पळायला गेली.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. शेरा होता: ‘ही मागणी आहे. शाळा मागण्या स्वीकारत नाही.’

“बरोबर आहे त्यांचं,” आजोबा म्हणाले. “असं अंगावर आल्यासारखं मागायचं नसतं, बेटा.”

मग तिने लिहिलं, मला मैदान आवडतं. तोही कागद परत आला. ‘आवड ही वैयक्तिक बाब आहे. पसंती कळवावी. कशापेक्षा काय, आणि का, तेही लिहावे.’

“यातही चूक नाही काढता येणार,” आजोबा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. “का आवडतं तुला मैदान? विचार कर.”

भिंगरीने विचार केला. जीभ बाहेर काढून, पेन्सिलीचं टोक चावत तिने बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि कागद पुढे केला. तिने वाचनकक्षापेक्षा मैदान पसंत केलं होतं, आणि कारण दिलं होतं: ‘बिकॉज व्हेन आय रनिंग, माय स्टमक इज लाफिंग.’

आजोबांनी चष्मा वर केला. “पोट कधी हसतं का गं?”

“माझं हसतं.”

“इंग्रजीत नाही हसत.”

त्यांनी त्या ओळीवर सरळ, सुरेख लाल रेघ मारली. अक्षराइतकंच त्यांचं रेघेवरही प्रेम होतं. मग त्यांनी स्वतः एक वाक्य रचलं. त्यात मैदान होतं, आरोग्य होतं, सर्वांगीण विकास होता, आणि एक अर्धविराम असा चपखल बसला होता की ते तीनदा वाचून त्यांनी सुनेलाही स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून वाचून दाखवलं.

“छान आहे,” सून हात पुसत म्हणाली. “पण बाबा, हिला हे वाचता येतंय का?”

“लिहिता येतंय ना? मग झालं तर.”

तो कागदही परत आला. लाल शाईत. ‘सूर आग्रही. पसंती व्यक्त करताना दुसऱ्या बाजूचाही मान राखावा.’

आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. आयुष्यभर त्यांनी लाल शाई दिली होती, घेतली कधीच नव्हती. “माझ्या वाक्यात सूर काढतायत,” ते सुनेला म्हणाले. सासऱ्यांचा चेहरा पाहून सुनेने हसू पदराआड लपवलं.

ते तडक शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर पालकांची हीऽ गर्दी. ज्याच्या त्याच्या हातात परत आलेले कागद. एका शिंप्याने तर मुलाच्या पसंतीसाठी शिकवणी लावली होती; शिकवणीच्या मास्तरांचेच तीन कागद परत आले होते.

मोठ्या बाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. “आम्हालाही वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या. “मुलांचा आवाज आमच्यापर्यंत पोचतोय, पण अशुद्ध पोचतोय. म्हणून समितीने एक नमुना तयार केलाय.”

नमुना छान जाड कागदावर छापलेला होता. ‘मैदानापेक्षा मी वाचनकक्ष अधिक पसंत करेन, कारण वाचनाने मन समृद्ध होते’, अशा अर्थाचं एक निर्दोष इंग्रजी वाक्य. खाली बारीक अक्षरात टीप: ‘हा केवळ रचनेचा नमुना आहे. शब्द बदलण्याचे विद्यार्थ्यांस पूर्ण स्वातंत्र्य आहे. बदललेली वाक्ये पुनर्तपासणीस जातील. पुनर्तपासणी मुदत संपल्यावर सुरू होईल.’

आजोबांनी ते वाक्य वर-खाली, आडवं-उभं तपासलं. एकही चूक सापडेना. इतक्या दिवसांनी काहीतरी बरोबर लिहिलेलं पाहून त्यांचा जीव निवला.

घरी येऊन त्यांनी नमुना भिंगरीपुढे ठेवला. तिने बोट लावत, अडखळत वाचलं.

“आजोबा, हे तर उलटं आहे.”

“उलटं असलं तरी बरोबर आहे.”

“पण मला हे नकोय.”

“हे बघ बेटा, बदल केला तर कागद परत येणार. परत आला की मुदत संपणार. म्हणजे तुझी पसंती धरलीच जाणार नाही. चालेल तुला?”

भिंगरीने मान हलवली. नाही चालणार.

“मग लिही. आधी वाक्य बरोबर येऊ दे. पसंतीचं नंतर बघू.”

तिने लिहिलं. अक्षर सुंदर आलं. आजोबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि लाल पेन न उघडताच खिशात ठेवलं.

निकाल एकमुखी लागला. यच्चयावत मुलांनी मैदानापेक्षा वाचनकक्ष पसंत केला होता, तेही एकाच कारणासाठी. मुलांच्या विचारांतली ही एकवाक्यता पाहून समितीला गहिवरून आलं. एका मुलाने कागद कोरा दिला होता. त्याच्या पसंतीत एकही चूक नसल्याने तीही धरण्यात आली. सर्वांत शुद्ध पसंतीचं बक्षीस भिंगरीला मिळालं. ते घ्यायला ती पळत गेली, तेव्हा शिपायाने तिला अडवलं आणि चालत यायला लावलं.

मैदानाला पत्रे लागले. वाचनकक्ष उभा राहिला. पुस्तकं नवीन होती, मुलं हाताळून खराब करतील म्हणून दाराला कुलूप लागलं. मग आणखी एक सूचना निघाली: आपली पसंती पूर्ण झाल्याबद्दलचं समाधान इंग्रजीत व्यक्त करावं. नमुना सोबत होता. तो भिंगरीने आजोबांना न विचारता, एका जागी बसून, एका दमात उतरवून काढला.

“एकही चूक नाही,” आजोबा सुनेला म्हणाले.

“हो,” सून म्हणाली. “हल्ली घरात पावलंसुद्धा वाजत नाहीत तिची.”

आजोबांनी चपला चढवल्या आणि ते नातीपाशी जाऊन उभे राहिले.

“चल, बाहेर जाऊ. नदीकडे जायचं, की टेकडीवर? तू म्हणशील तिथे.”

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या हातांकडे पाहिलं.

“नमुना कुठाय?” तिने विचारलं.

आजोबांनी त्या दिवशी जुन्या कागदांचा सगळा गठ्ठा उपसला. ती पोट हसण्याची ओळ त्यांना हवी होती. कागद सापडला. रेघ मात्र इतकी सुरेख बसली होती की तिच्याखालचं काही वाचता येईना, आणि त्यांना ते नेमकं आठवेना.

तुम्हाला आठवत असेल. वाचताना तुम्हीही ते मनातल्या मनात दुरुस्त केलं होतं. ते मूळचं कसं होतं, हे आजोबांना कळवायला हरकत नाही. फक्त शुद्ध इंग्रजीत कळवावं. चुका असलेली पत्रं ते अजूनही तपासून परत पाठवतात.