अपूर्ण आलेखाला गुण नाहीत

जगात प्रत्येकाला कोठून सुरुवात करायची याची परवानगी घ्यावी लागते. गणितातल्या लॉग फलाला ती शून्याच्या पुढे मिळते, आणि तुंजा नदीकाठच्या आमच्या बल्गेरियन शाळेत ती माझ्याकडून घ्यावी लागते. मी तेथे गणित शिकवतो आणि रविवारी चर्चमध्ये गातो. (दोन्हीकडे श्रोत्यांना उभे ठेवतात, चर्चमध्ये भक्तीसाठी.)

माझे नियम दोन. आधी प्रांत लिहा, म्हणजे क्ष ला कोणत्या किमती घेता येतात ते. आणि आलेखाच्या टोकाला 'पुढेही असेच' असा बाण काढून पळ काढू नका. अपूर्ण आलेखाला गुण नाहीत. दुसरा नियम मला गाऊन सांगितलेले एक प्रवचन ऐकताना सुचला, त्यामुळे तो तपासून पाहण्याचा प्रश्नच आला नाही.

मे महिन्यात स्विलेनाची फेरपरीक्षा आली. आमच्याकडे दोन म्हणजे नापास, तीन म्हणजे पास. नापास झाली असती तर तिला शालान्त परीक्षेला बसता येणार नव्हते. शाळेच्या निरोपाच्या नाचाचा झगा मात्र शिवून झाला होता, मेजवानीचे कोकरूही ठरले होते. (त्याला कळवले नव्हते.)

प्रश्न होता: लॉग, पाया दोन, कंसात क्ष वजा तीन. तिने प्रांत लिहिला: क्ष तीनपेक्षा मोठा. विस्तार, म्हणजे उत्तरे कुठवर जातात ते: सगळ्या वास्तव संख्या. तीनवर तुटक उभी रेघ ओढली. तिला बिलगून, पण न शिवता, खडू खाली निघाला. फळा संपला.

"थांबू का, सर?"

"विस्तार काय लिहिलास?"

"सगळ्या."

"मग?"

ती भिंतीवरून फरशीपर्यंत उतरली आणि तिने तळघराची किल्ली मागितली. किल्ली सापडेपर्यंत उजवी बाजू उरकावी, असे ठरले. उजवीकडे हे फल फार सोशिक आहे: दहा बोटे वर चढायला हजाराहून जास्त बोटे आडवे चालते. स्विलेना व्हरांड्यातून फाटकाबाहेर, तिथून लोकांच्या भिंतींवर गेली. मागे मोजपट्टी घेऊन मी, माझ्यामागे मुख्याध्यापिका मारुशेवा बाई.

"कुत्सारोव, पोरगी कुठवर जाणार?"

"प्रांत संपेपर्यंत, बाई."

"तो कधी संपतो?"

"नाही संपत."

"मग मी जेवून येते."

रेघ स्विलेनाच्याच घराच्या नव्या चुन्यावर पोचली. तिची आजी स्तोइल्का दारात केरसुणी घेऊन उभी होती.

"मास्तर, रविवारी तुम्ही 'युगानुयुगे' म्हणून आळवता ना?"

"आळवतो, आजी."

"आणि मग?"

"मग आमेन."

"आणि मग घरी सूप. एवढी वर्षं बघतेय, सूप कधी गार झालं नाही तुमचं. तुम्हाला कुणी दोन दिले का त्याबद्दल?"

मी रस्त्यातच उभा राहून तिच्या म्हणण्यात चूक शोधून पाहिली, सापडली नाही. मग स्विलेनाच्या हातून खडू घेतला, रेघेच्या टोकाला बाण काढला आणि तीन दिले.

वाचकहो, आपण केव्हाचे हसत आहात. ठीक. लॉग, कंसात पाच वजा क्ष. प्रांत आधी. पाटी, भिंत, हाताशी असेल ते घ्या. घाई नाही, आपल्या वतीने भांडायला कोणाची आजी येणार आहे, तेवढे आधी ठरवून ठेवा.